हवेला पेट्रोल किती?

या मननासाठी डोळे मिटायचे नाहीत. हात धुऊन कोरडे करा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा आणि जिथं वारा खेळता आहे अशा उघड्या जागी बसा. पेट्रोलचं काम आहे, तेव्हा जवळपास शेगडी, सिगारेट, ठिणगी काही नको. समोर एक एटीव्ही उभी आहे असं मनात आणा. कमी हवेचे चार रुंद टायर, दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट, समोर मोटारसायकलचं असतं तसं हँडल. उजव्या मुठीजवळ एक छोटी पट्टी आहे. मोटारसायकलची मूठ पिळावी लागते. इथं ही पट्टी, म्हणजे थ्रॉटल, अंगठ्यानं पुढं ढकलायची. गाडी बंद आहे. तिला अजून हात लावू नका.

आपल्याकडे ही गाडी बहुतेकांनी पाहिली ती कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर, पर्यटकांना फेऱ्या मारून आणताना. तिचा मोठा संसार अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, इम्पीरियल सँड ड्यून्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा लांबलचक पट्टा आहे. तिथं जाणारे त्याला ग्लॅमिस म्हणतात. उन्हाळ्यात तिथं पाऊल ठेववत नाही. थंडीत मात्र अशा गाड्यांची जत्रा भरते. त्या जत्रेतली एक गाडी आपण मननासाठी निवडू: सुझुकीची एलटी-झेड ४००. ही २००३ साली बाजारात आली. ३९८ सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन. कारखान्यातून ती मिकुनी कंपनीचा, ३६ मिलिमीटर गळ्याचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) घेऊन यायची. पुष्कळ मालकांनी तो उतरवून कैहिन कंपनीचा ३९ मिलिमीटरचा एफसीआर बसवला. हा बदल आणि त्यानंतरचं ट्यूनिंग, एवढाच आजचा विषय. घाई नाही. एकेका भागापाशी थांबू.

सुरुवात स्वतःच्या श्वासापासून करा. एक श्वास सावकाश आत घ्या आणि नीट लक्ष द्या: तुम्ही हवा ओढलीत का? छाती रुंदावली, आतला दाब जरासा कमी झाला आणि बाहेरची हवा आपणहून आत आली. इंजिनातही हेच घडतं. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमधला दाब उतरतो आणि आपल्या डोक्यावर जो वातावरणाचा भार आहे तो हवेला आत लोटतो. ती हवा वाटेत कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. अरुंद जागेत तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. डॅनियल बर्नुली यानं वाहत्या द्रवातलं वेग आणि दाबाचं हे नातं १७३८ साली मांडलं. इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी यानं त्याच शतकाच्या शेवटी अरुंद नळीतल्या प्रवाहाचे प्रयोग केले. कार्बोरेटरच्या गळ्याला आजही त्याच्याच नावानं व्हेंचुरी म्हणतात.

आता नजर गळ्याच्या खाली न्या. तिथं एक वाटी आहे, तिला बाऊल म्हणतात. तिच्यात पेट्रोल शांत पडून आहे आणि त्यात एक फ्लोट तरंगतो आहे. बाऊलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब आहे. वर गळ्यात, जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोंडाशी, दाब कमी आहे. या दोन दाबांमधल्या किंचित फरकानं पेट्रोल वर चढतं आणि हवेत तुषार होऊन उडतं. इंजिन पेट्रोल शोषून घेतं असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात बाहेरची हवा ते वर ढकलत असते. यावर जरा रेंगाळा, कारण पुढचं सगळं यातून निघतं. बाऊलला बाहेरची हवा पोचावी म्हणून बारीक रबरी नळ्या खाली सोडलेल्या असतात. ओढा ओलांडताना त्या नळ्यांची तोंडं पाण्यात बुडाली की चांगली चालती गाडी गप्प होते. पेट्रोल भरपूर असतं, प्लग ठीक असतो, कुठं काही तुटलेलं नसतं. फक्त पेट्रोलच्या डोक्यावरची हवा बंद झालेली असते. म्हणून पाण्यातून जाणारे लोक त्यातली एखादी नळी वर, हँडलच्या उंचीला नेऊन बांधतात.

हवेला पेट्रोल किती लागतं, हा आजचा मूळ प्रश्न. पेट्रोल पूर्ण जळायचं तर एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब वजनाचा झाला. हवा इतकी हलकी असते की एक लिटर पेट्रोलसाठी सुमारे ९ हजार लिटर हवा इंजिनातून जावी लागते. जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो, या आसपास इंजिन सगळ्यात जास्त ताकद देतं. त्यापलीकडे पेट्रोल वाढवत गेलात तर ताकद घटते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काजळतो. उलट बाजूला गेलात, हवा जास्त झाली, तर इंजिन तापतं, झटके देतं, अंगठा सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजतं. म्हणजे जास्तीची एक सीमा आहे आणि कमीची एक. दोन्हींच्या मधली पट्टी अरुंद आहे. ट्यूनिंग म्हणजे ती पट्टी शोधणं. ही ओळ मनात ठेवा आणि मगच पान्याकडे हात न्या.

पाना उचलण्याआधी एक गोष्ट करायची. गाडी नीट चालत नसली की बहुतेक जण पहिला आळ कार्बोरेटरवर घेतात. तो घेण्याआधी बाकीच्यांना तपासा. एअर फिल्टर उघडा. वाळूत चालणाऱ्या गाडीचा फोमचा फिल्टर तेलात भिजवून पिळलेला असावा लागतो; तो धुळीनं भरला असेल तर जेट बदलून काय साधणार? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर पडली आहे का ते बोट फिरवून पाहा. तिथून चोरून शिरणारी हवा सगळा हिशेब बिघडवते. प्लग, त्याची कॅप, व्हॉल्व्हची फट, टाकीतलं पेट्रोल किती दिवसांचं आहे, हे सगळं बघून घ्या. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि सर्वांत आधी सर्वांत बारीक भोक बुजवतो. अनेकदा फिल्टर धुतला आणि बाऊलच्या तळाचा स्क्रू सैल करून शिळं पेट्रोल काढून टाकलं, एवढ्यानं गाडी ताळ्यावर येते. ट्यूनिंगची गरजच उरत नाही. तसं झालं तर समाधान माना. काम झालं आहे.

आता जुन्या कार्बोरेटरचा स्वभाव समजून घेऊ. एलटी-झेडचा मूळचा मिकुनी ज्या जातीचा आहे त्यात अंगठा ढकलला की गळ्यातली एक गोल झडप फिरते. पण सुई ज्या स्लाइडला टांगलेली असते ती स्लाइड अंगठ्याला बांधलेली नसते. तिच्या माथ्यावर पातळ रबराचा डायफ्रॅम असतो आणि इंजिन खरोखर हवा घेऊ लागलं की त्याच्या जोरानंच ती वर उचलली जाते. म्हणजे तुम्ही घाईघाईनं अंगठा पूर्ण दाबलात तरी हा कार्बोरेटर इंजिनाला झेपेल तेवढंच उघडतो. तो सांभाळून घेतो. नव्या चालकाला, रोजच्या वाटेला, शेतातल्या कामाला हा गुण मोलाचा आहे. त्याच्या सावकाशपणाला दोष म्हणण्याआधी या गुणाची दखल घ्या.

एफसीआर वेगळा आहे. त्याची स्लाइड चपटी असते, ती बारीक रोलरांवर सरकते आणि थेट केबलनं ओढली जाते. अंगठा जिथं, स्लाइड तिथं. मध्ये समजूत घालणारं कुणी नाही. त्यामुळे अंगठा दाबताक्षणी गाडी उचल खाते आणि वाळूच्या चढावर हाच फरक हवासा वाटतो. पण यातून एक अडचण उभी राहते. पेट्रोल हवेपेक्षा सुमारे सहाशे पट जड आहे. गळा एकदम उघडला की हलकी हवा लगेच धावते, पेट्रोल मागं राहतं, क्षणभर नुसती हवा आत जाते आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी गुदमरते. ही चूक भरून काढायला एफसीआरमध्ये एक छोटा पंप बसवलेला असतो. अंगठा झटकन दाबला की तो गळ्यात पेट्रोलची एक बारीक धार सोडतो. एअर फिल्टरच्या बाजूनं, इंजिन बंद असताना, आत डोकावून थ्रॉटल उघडा. सुतासारखी धार क्षणभर दिसते आणि संपते. ती स्लाइडवर आपटत असेल, किंवा नको इतका वेळ टिकत असेल, तर पंपाची वेळ जुळवावी लागते. उणीव आणि तिची भरपाई एकाच यंत्रात शेजारी शेजारी बसवलेली आहे. हे पाहताना थ्रॉटल एकदाच दाबा, पुन्हा पुन्हा नको. उगीच पेट्रोल साठेल.

मोठा कार्बोरेटर घ्यायचा का, हा प्रश्न इथं विचारा, विकत घेण्याआधी. गळा मोठा झाला की पूर्ण उघडल्यावर हवा जास्त मावते हे खरं. पण तोच मोठा गळा इंजिन हळू फिरत असताना हवेचा वेग कमी करतो. वेग कमी म्हणजे दाबातला फरक कमी, आणि फरक कमी म्हणजे पेट्रोल नीट उचललं जात नाही. मापापेक्षा मोठा गळा गाडीला खालच्या वेगात दुबळी करतो. एलटी-झेडवर ३९ जमतो. सुझुकीच्या त्याच घराण्यातल्या डीआर-झेड ४०० ई या मोटारसायकलला तो कारखान्यातूनच मिळत असे. म्हणजे ही जोडी आधीच जुळलेली आहे. तरी इंजिन, एअरबॉक्स आणि सायलेन्सर मूळचेच असतील तर टॉप स्पीड फार वाढेल अशी आशा धरू नका. हाती येतो तो तत्काळ प्रतिसाद. आपल्याला नेमकं काय हवं आहे ते एका वाक्यात लिहून काढा. वाक्य लिहिता येत नसेल तर जुना कार्बोरेटर स्वच्छ करून पुन्हा बसवा, तो तुमच्यासाठी पुरेसा आहे.

नवा कार्बोरेटर बसवला, केबल त्याला जुळणारी घातली, अंगठा सोडल्यावर स्लाइड खाडकन मिटते हे इंजिन सुरू करण्याआधी दहादा पाहिलं, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही पाहिलं. आता इंजिन सुरू करा आणि गरम होऊ द्या. बंद शेडमध्ये नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

पहिला मुक्काम स्लोचा. अंगठा पूर्ण सोडलेला आहे, गाडी उभ्या जागी फिरते आहे. या वेळी पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून, ज्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्याला जोडून एक छोटा स्क्रू असतो. एफसीआरमध्ये तो खालच्या अंगाला, इंजिनाच्या बाजूला दडलेला आहे. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलची मात्रा ठरवतो: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. काही कार्बोरेटरांत तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि मग हवेची मात्रा ठरवतो: बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. हात लावण्याआधी आपला स्क्रू कोणत्या बाजूचा ते ओळखा. इंजिन बंद असताना तो हलक्या बोटांनी आत टेकवा, आवळू नका, टोक दुखावतं. तिथून दीड फेरा बाहेर काढा. इंजिन सुरू करा.

आता स्क्रू पाव फेरा फिरवा आणि थांबा. हा थांबाच या मननाचा गाभा आहे. इंजिनाला उत्तर द्यायला काही क्षण लागतात. फेरा वाढला, आवाज किंचित चढला. पुन्हा पाव. पुन्हा थांबा. एका जागी आवाज सगळ्यात मोकळा आणि एकसारखा होतो. त्यापुढं गेलात तर जड होऊ लागतो, मागं आलात तर पातळ आणि अस्थिर. ती जागा सापडली की स्लोचा नॉब सोडवून इंजिनाचा वेग खाली आणा आणि स्क्रू पुन्हा एकदा पडताळून घ्या. तीन फेऱ्यांपलीकडे जाऊनही ती जागा मिळत नसेल तर पायलट जेट लहान पडतो आहे. एका फेऱ्याच्या आतच मिळत असेल तर तो मोठा आहे. जेट बदला, स्क्रूशी भांडत बसू नका. कान जेव्हा घाईत असतो तेव्हा त्याला आपल्याला हवं तेच ऐकू येतं. म्हणून थांबा.

दुसरा मुक्काम मधला. अंगठा पाव ते पाऊण उघडा असताना सुई राज्य करते. रानवाटेनं, टेकडीच्या कडेनं, कुरणातून चालणारा माणूस बहुतेक वेळ याच टप्प्यात असतो, आणि गाडी ‘मिसिंग करते’ ही तक्रारही इथलीच. सुई निमुळती आहे. स्लाइड जितकी वर, तितकं तिच्याभोवतीचं रिंगण मोकळं आणि पेट्रोल जास्त. सुईच्या डोक्याकडे बारीक खाचा असतात आणि एका खाचेत नखाएवढी क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई तितकी वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर घेतली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. क्लिप खाली, सुई वर. पहिल्यांदा करताना हे उलटं भासतं. कागदावर काढून पाहा आणि मग क्लिप हलवा. खाली जुनं फडकं अंथरा, कारण ही क्लिप उडाली तर गवतात सापडत नाही.

तिसरा मुक्काम पूर्ण उघडलेल्या अंगठ्याचा. इथं मेन जेट बोलतो. तो सोडवून तळहातावर घ्या: पितळेचा एक छोटा तुकडा, मधोमध भोक, अंगावर आकडा कोरलेला. कैहिनच्या मेन जेटवरचा १६० म्हणजे १.६० मिलिमीटरचं भोक. १६५ म्हणजे १.६५. दोन्ही शेजारी धरून उजेडाकडे पाहिलेत तरी डोळ्याला फरक कळणार नाही. तो केसाच्या जाडीहूनही कमी आहे. पण इंजिनाला तो कळतो. तंबोऱ्याची जवारी जुळवणारा तारेखालचा दोरा जेमतेम सरकवतो आणि तारेचा नाद उघडतो, तसंच हे काम आहे. म्हणून जेट साफ करताना त्यात तार कधीही घालू नका. पितळ मऊ असतं. तारेच्या एका ओरखड्यानं भोक रुंदावतं आणि कोरलेला आकडा खोटा पडतो. क्लीनर मारा, उलट बाजूनं हवा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का ते पाहा.

मेन जेट बरोबर आहे का हे सांगतो प्लग. मोकळ्या, बिनरहदारीच्या जमिनीवर, हेल्मेट आणि जाड कपडे घालून, नवा प्लग लावून गाडी पूर्ण थ्रॉटलवर थोडी धावू द्या. मग त्याच क्षणी क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि गाडी आपोआप थांबू द्या. प्लग गार झाल्यावर काढा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर, अगदी मुळाशी, विटकरी किंवा फिकट तपकिरी कडं दिसलं तर मात्रा ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. खडूसारखं पांढरं म्हणजे हवा जास्त, आणि ही खूण दिसली की गाडी आणखी पळवू नका. एक आकडा मोठा जेट घाला. शिसं नसलेल्या आजच्या पेट्रोलमध्ये हे रंग पूर्वीइतके ठसठशीत उमटत नाहीत, तेव्हा एकट्या प्लगवर निकाल देऊ नका. आवाज, ओढ, धूर आणि प्लग, चौघांची साक्ष घ्या.

इथवर आलात की एक मोठा प्रश्न समोर येतो: हे जुळलेलं कायमचं जुळलं का? मनानं जरा प्रवास करू. ग्लॅमिसची वाळू समुद्रसपाटीपासून फारशी उंच नाही. तिथं जुळवलेली गाडी ट्रकवर चढवून यूटा राज्यातल्या कोरल पिंक सँड ड्यून्सला नेली, तर ती जागा सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा खालच्यापेक्षा सुमारे सोळा टक्के विरळ. जेट तोच, भोक तेच, पण हवा कमी झाल्यामुळे तेच पेट्रोल आता जास्त ठरतं. खाली मोकळी धावणारी गाडी वर जड होते. मोटारसायकलवरून लडाखला जाऊन आलेल्या मराठी मंडळींना हे आठवेल: खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे, तिथं हवेची घनता खालच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते आणि कार्बोरेटरची गाडी माणसासारखीच धापा टाकू लागते. थंडीनं उलट होतं. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. पहाटे बरोबर असलेली मात्रा दुपारी किंचित चुकते. तेव्हा ट्यूनिंग नेहमी एका जागेचं, एका ऋतूचं असतं. ते कायमचं नाही म्हणून खंत करायचं कारण नाही. जागा बदलली की पुन्हा ऐकायचं, इतकंच.

आणि ते एका माणसाचंही असतं. वाळूच्या उंच चढावर जाणारा अंगठा पूर्ण दाबून असतो. त्याला मेन जेट जपायला हवा. डोंगरातल्या पायवाटेनं जाणाऱ्याला सुई. गुरांमागं, कुंपणाच्या कडेनं, थांबत थांबत जाणाऱ्या शेतकऱ्याला स्लो. या तिघांकडे एकच गाडी असेल, तरी तिघांचं ट्यूनिंग एक नसेल. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे सुरुवातीला उपयोगी पडतात, शेवटी नाही. आपण ही गाडी खरी कशी चालवतो, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. जशी चालवायला आवडली असती तशी नव्हे. जशी चालवतो तशी.

हे सगळं काम आता संगणक करू लागला आहे. एलटी-झेड ४०० ला २००९ पासून फ्युएल इंजेक्शन आलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर गेला. इंजेक्शन उंची ओळखतं, थंडी ओळखतं, धूर कमी करतं. ते चांगलंच आहे. पण १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यानं तुषार उडवणारा कार्बोरेटर बनवला तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षं असंख्य माणसांनी हे काम कानानं, बोटांनी आणि धीरानं केलं आहे. अजून लाखो गाड्या त्याच भरवशावर चालतात. ते कौशल्य टिकायला हवं, कारण ते फक्त इंजिनापुरतं नाही. आधी नीट पाहणं, आळ घेण्याआधी तपासणं, थोडं बदलणं, थांबणं, उत्तर ऐकणं आणि पुरे कुठं म्हणायचं हे ओळखणं: या सवयी हाताला लागल्या की त्या घरात, कामावर, माणसांतही सोबत येतात.

तेव्हा एक वही करा. प्रत्येक वेळी तारीख, जागेची उंची, हवा थंड की गरम, पायलट जेट, सुईची खाच, मेन जेट आणि स्क्रूचे फेरे लिहा. पुढं, काय बदललं आणि गाडी कशी वागली, एवढं एका ओळीत. दोन गोष्टी एकदम बदलू नका. गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळणार नाही आणि बिघडली तरी कळणार नाही. बदल जुळला नाही तर वहीतल्या मागच्या ओळीवर परत या आणि तिथून दुसरीकडे पाऊल टाका. एका वेळी एकच बदल करा, आणि पुढचा करण्याआधी इंजिनाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.